भोवरा कशासाठी असतो

चिंचवड,
फेब्रुवारी १९५७

प्रिय आबाजी,

तुझं कार्ड परवा आलं. पोस्टमननं ते दारात उभं राहून आधी स्वतः मोठ्यानं वाचलं आणि मग माझ्या हातात दिलं. म्हणजे माझ्या रंभानं तुझा मुलगा खाल्ला, ही बातमी गावठाणाला माझ्या आधी कळली. तू तसे शब्द वापरले नाहीस, हे खरं. तू शिकलेला माणूस, गुरांचा सरकारी डॉक्टर होतास, चाकणच्या बाजारात तुला अजून साहेब म्हणतात. तू इतकंच लिहिलंस की ज्योतीरामचं जे झालं ते अटळ होतं. मुलीच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत हे ठाऊक असून तू होकार दिलास. निसर्ग उगाच काही निर्माण करत नाही, हे मीच जन्मभर शाळेत शिकवत आले. आणि ज्योतीरामच्या आईची, शालनबाईंची, प्रकृती बरी नसते, तेव्हा सुनेनं आता माझ्याकडेच राहावं. चार ओळी, आणि खाली इंग्रजीत सही. पाकिटाला आणे जास्त पडतात म्हणून कार्ड टाकलंस, की माझ्या तोंडावर बोलायचं धैर्य नव्हतं म्हणून पोस्टमनकडून बोलवून घेतलंस?

हे तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. आधीची दोन पत्रं फाडली. पहिल्यात फक्त शिव्या होत्या. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बाईला इतक्या मराठी शिव्या येतात हे पाहून मलाच नवल वाटलं. दुसऱ्यात फक्त रडणं होतं. आता दोन्ही थोडं थोडं ठेवून लिहिते. तुझा एकुलता एक मुलगा गेला आहे, हे मी विसरलेली नाही. माझ्या भाचीचा नवरा गेला, हे तूही विसरू नकोस. माणूस एकच होता, आबाजी. त्याच्यासाठी दोन घरांत चूल पेटेनाशी झाली आहे.

ज्योतीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला तेव्हा तूच त्याला माझ्याकडे जेवायला धाडलं होतंस. तुला ठाऊक नसेल, पण पहिला महिनाभर तो खुर्चीवर बसला नाही. उंबऱ्यापाशी बसून जेवायचा आणि ताट स्वतः घासून ठेवायचा. मी रागावले की म्हणायचा, “आत्याबाई, तुमच्या शाळंतल्या पोरी तुमाला भ्यायच्या का वो? मला तर लई भ्या वाटतं.” आणि भ्यायचा मुळीच नाही. माझा स्टोव्ह भडकायचा, तो त्यानं उघडून पुसून नीट केला. माझं इंग्रजी वर्तमानपत्र उलटं धरून मला वाचून दाखवायचा आणि रंभा आत तोंडात पदर कोंबून हसायची. दादा आणि वहिनी कॉलऱ्यात एकापाठोपाठ गेल्यापासून ती पोर माझ्याकडे आहे. इतकी वर्षं मी तिला वाढवलं, पण असं हसताना ऐकलं नव्हतं. एक दिवस तो चहा गाळता गाळता म्हणाला, “आत्याबाई, एक इचारू? न्हाई म्हनायचं आसंल तर चहा पिल्यावर म्हना.” त्यानं काय विचारलं ते तुला ठाऊक आहे. मी चहा प्यायच्या आधीच हो म्हटलं.

मग गाडं अडलं ते तुझ्या दारात. मला वाटलंच होतं. तुझ्या दारातला तो दगड मला जुन्या ओळखीचा आहे.

गोजाबाई, तुझी आई, मला बघायला आली तो दिवस मला आठवतो, तसा तुलाही आठवत असेल. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. तू आमच्या खडकीच्या घरी राहून मॅट्रिक झालास, मुंबईला जाऊन गुरांचा डॉक्टर झालास, खाकी कोट घालून परत आलास. आपण एकमेकांना विचारून झालं होतं. बघण्याचा कार्यक्रम म्हणजे नुसता उपचार, असं तूच म्हणाला होतास. तुझ्या आईनं मला पाटावर बसवलं आणि नाव विचारायच्या आधी माझा अंबाडा सोडला. बाजारात खोंड घेताना जसं आधी शेपूट उचलतात, मग कपाळ आणि पाठ चाचपून केसांचे भोवरे बघतात, तसे तिनं माझे केस दोन्ही हातांनी फाकले. “पोर ग्वाड हाय, शिकल्याली हाय, समदं हाय. पन डोस्क्यावर दोन भवरं हायती. माझ्या लेकाला मारून दुसरा करायची व्हय ही?” ती वाईट बाई नव्हती. तिला खरंच तुझ्या जिवाची भीती वाटली. मी तुझ्याकडे बघितलं. तू दाराशी उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होतास. नंतर म्हणालास, आई अडाणी आहे, थोडा वेळ जाऊ दे. वेळ गेला. तुझं शालनबाईंशी लग्न झालं, मी पेढेही खाल्ले.

आता तू मला शास्त्र सांगतोस म्हणून शास्त्राला माझा एक प्रश्न आहे. दोन भोवरे म्हणजे दोन नवरे, पहिला मरणार. माझ्या डोक्यावर साठ वर्षं दोन भोवरे आहेत आणि नवरा एकही नाही. मेलेला नाही, जिवंत नाही, कुठे ठेवून विसरले असंही नाही. हे तुझ्या शास्त्रात कोणत्या खणात बसतं ते सवडीनं कळव.

रंभाच्या वेळी तू बुटांकडे बघितलं नाहीस, याचं श्रेय मी तुला देते. तू होकार दिलास. पण शालनबाईंनी अट घातली की आधी तिचं घड्याशी लग्न लावायचं. पहिला नवरा घडा, तो पाण्यात बुडवला की ती विधवा झाली, दोष फिटला, मग ज्योतीराम दुसरा. मी आकांडतांडव केलं. तू म्हणालास, “भागीरथी, कुंभाराचा एक घडा जाईल आणि घरात शांतता येईल. तुझं काय जातं?” मलाही वाटलं, खरंच, काय जातं? म्हणून पवनेच्या घाटावर मी पण आले. कुंकू लावलेला घडा, त्याच्या गळ्यात हार, आणि माझी एकोणीस वर्षांची पोर त्याच्या शेजारी मुंडावळ्या बांधून बसलेली. भटजींनी घडा पाण्यात सोडला. तो बुडेना. तोंड वर करून हलत हलत प्रवाहाला लागला. भटजी “बुडेल, बुडेल” म्हणाले आणि सगळे जेवायला परतले. रंभा मागं राहिली. मी हाक मारली तर तिनं हळूच विचारलं, “आत्या, आज संध्याकाळी मी कुंकू लावायचं की नाही?”

तेव्हा मला कळलं काय गेलं ते. आपण सगळे नाटक करत होतो आणि त्या पोरीनं ते खरं मानलं. ती लग्नाआधीच एकदा विधवा झाली.

आणि आता शालनबाई सांगत फिरतात म्हणे, घडा बुडालाच नाही, तिथंच घात झाला. जरा धीर धरून विचार कर. घडा बुडाला नाही म्हणजे पहिला नवरा जिवंत राहिला. मग मरायचा असेल तर घडा मरेल, ज्योतीराम कसा मरेल? पण ही गणितं दुःखाला शिकवून उपयोग नसतो. मी शालनबाईंवर रागावलेली नाही. त्यांना तो भोवरा हवा आहे. तुझ्यावर मात्र रागावले आहे, कारण तुला तो माझ्या तोंडून हवा आहे.

म्हणून आधी मी काय शिकवत होते ते बघू. लहानपणी आमच्या सिस्टर सांगायच्या, देवानं जगात एकही वस्तू व्यर्थ घडवली नाही. पुढं मी जीवशास्त्र शिकले. तिथं देव नव्हता, निसर्ग होता, पण वाक्य तेच होतं. आम्ही फक्त कर्ता बदलला. मीही फळ्यावर दोन रकाने आखून मुलींकडून घोकून घेतलं. बदकाच्या बोटांत पडदे का, पोहण्यासाठी. उंटाच्या पापण्या लांब का, वाळूसाठी. ही उत्तरं खरी आहेत, मी मागं घेत नाही. ज्याच्या अंगी कामाची गोष्ट आली तो टिकला, त्याची पोरं टिकली, असं होत होत पिढ्यान्‌पिढ्या ती गोष्ट घडत गेली. उत्क्रांतीचं हे म्हणणं मला आजही पटतं. पण त्यावरून अंगावरची प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी घडली, हे कुठं सिद्ध होतं? बाजारातून आणलेल्या पिशवीत भाजी असते म्हणून पिशवीच्या कोपऱ्यातली मातीसुद्धा मी विकतच आणली असं होत नाही.

रंभा आठ-नऊ वर्षांची असताना तिनं मला विचारलं होतं, “आत्या, शेळीच्या गळ्याखाली त्या दोन गाठी कशासाठी लोंबतात?” मी लगेच काहीतरी उत्तर ठोकून दिलं, घाम जिरवण्यासाठी वगैरे. ती शेळीजवळ गेली, गाठी चाचपून आली आणि म्हणाली, “कोरड्या आहेत.” तू तर हजारो शेळ्या तपासल्यास. त्या गाठींतून दूध येत नाही, काही ऐकू येत नाही, त्यांच्यामुळे शेळी मरत नाही आणि जगतही नाही. आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. निरुपयोगी गोष्टीला ते शेळीच्या गळ्यातलं आचळच म्हणायचे. आपण शिकून शहाणे झालो आणि तिलाही काम शोधत बसलो. रक्त लाल का असतं? कुणाला दाखवायला? ते आत अंधारात फिरतं. त्यात लोह आहे म्हणून ते लाल आहे, संपलं. आणि पुरुषांच्या छातीवर जी दोन बटणं असतात त्यांचा हेतू सिस्टरना विचारल्याबद्दल मला दुपारभर गुडघे टेकून उभं केलं होतं. उत्तर त्यांनाही येत नव्हतं.

आता भोवरा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुरूड बसतात. तू इथं आलास की बिडी ओढत त्यांच्याकडे बघत उभा राहतोस. टोपली विणायला घेतली की तळाशी बांबूच्या पट्ट्या एकमेकींवरून जातात आणि मधोमध एक फिरकी पडते. टोपली त्या फिरकीसाठी विणत नाहीत. पण फिरकी पडल्यावाचून गोल टोपली विणताही येत नाही. डोकं गोल आहे, केस कातडीतून तिरपे उगवतात, ते कुठंतरी फिरणारच. कुणाचे एका जागी फिरतात, कुणाचे दोन जागी. भोवरा म्हणजे डोकं विणलं गेल्याची खूण आहे, याहून जास्त काही नाही. तू लष्कराच्या घोड्यांवर होतास तेव्हा प्रत्येक घोड्याचे भोवरे कागदावर उतरवून घ्यायचास. चोरीला गेलेला घोडा सापडला तर ओळखता यावा म्हणून. ते काम आपण भोवऱ्याला दिलं. भोवरा त्या कामासाठी उगवला नव्हता. सरकारी कागदावर तू हजार भोवरे उतरवलेस, त्यातला एक तरी घोडा भोवऱ्यानं मेला का रे?

हे सगळं तुला ठाऊक आहे. मला तुला शिकवायचं नाही. तुला ठाऊक असून तू ते कार्ड लिहिलंस, हेच मला परवापासून खात आहे.

कार्डातलं रंभानं ऐकलं. मी ते डब्याखाली दडवलं होतं, पण पोस्टमन मोठ्यानं वाचत होता तेव्हा ती मागच्या दारी भांडी घासत होती. तिनं मला एवढंच विचारलं, “मामंजी शिकलेले आहेत ना, आत्या? ते खोटं कशाला लिहितील?” मी तासभर बोलले. वर तुला लिहिलं ते सगळं तिला सांगितलं, शेळी, टोपली, घोडे. ती ऐकत राहिली. मी शिकवते तेव्हा मुली जशा ऐकतात तसं, बाईंना वाईट वाटू नये म्हणून. मग काल सकाळी मी शेजारी अंबूबाईंकडे विरजण मागायला गेले आणि परत आले तर ही परसात माझी शिवणाची कात्री घेऊन बसली होती. पुढ्यात केसांचा ढीग. माथ्यावर जिथं दोन भोवरे आहेत तिथं तिनं कातडीपर्यंत कापलं होतं, दोन्हीकडून रक्त येत होतं. बाकीचे केस तसेच लांब. मला बघून ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, “आत्या, आरसा धर ना. गेले का बघू दे.”

मी आरसा धरला नाही. मी तिला हळद लावली. पण आबाजी, केस कातडीशी कापले की भोवरा अधिकच स्पष्ट दिसतो. केसांची खुंटं कशी गोल फिरत उगवतात ते दिसतं. आज सकाळपासून ती बोटानं चाचपून बघते आहे, आणि तो तिथंच आहे.

ती आता कुणाच्या अंगणात जात नाही. अंबूबाईंचा धाकटा तापला आहे, तर ही आमच्याच घरातल्या मधल्या खोलीत जाऊन बसते, आपली सावली तिकडे जाऊ नये म्हणून. दोन घास जेवते, तेही मी ओरडले तर. विहिरीवर मी तिला एकटीला पाठवत नाही. का ते तुला लिहून सांगायची गरज नसावी. एवढी बोलकी बाई मी, शाळेतल्या हजार मुलींना शहाणं करून सोडलं, आणि घरातल्या एका पोरीपुढं माझे शब्द संपले आहेत. तिला माझा शब्द नको आहे. मी तिची आत्या, मी तिच्याच बाजूनं बोलणार. तिला ज्याचं पोर गेलं त्याचा शब्द हवा आहे.

आता ज्याच्याबद्दल आपण दोघंही लिहीत नाही ते लिहिते.

ज्योतीरामला पुण्याच्या इस्पितळात आणलं तेव्हा तिथल्या तरुण सर्जननं मला बाजूला बोलावलं. मला इंग्रजी येतं म्हणून असेल. तो म्हणाला, आंत्रपुच्छ आत फुटलं आहे, विष पोटभर पसरलं आहे. माणसाच्या उजव्या बाजूला करंगळीएवढं एक आंधळं आतडं लोंबत असतं. मी शाळेत तक्त्यावर दाखवायचे आणि घाईनं पुढं जायचे, कारण त्याचं काम काय ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. त्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, असून उपयोग कुणाला माहीत नाही, काढून टाकलं तरी माणूस शंभर वर्षं जगतो. मग त्यानं विचारलं, घरी कुणी जुलाबाचं काही दिलं होतं का? अशा दुखण्यात तेच देऊ नये. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. आणि मला खरंच ठाऊक नव्हतं. बाहेर आले तर रंभा बाकावर बसली होती. तिनं आपणहून सांगितलं, अगदी साधेपणानं, की दोघं दसऱ्याला तुझ्याकडे आली होती, दुसऱ्या दिवशी ज्योतीरामच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा मामंजींनी चहातून एरंडेल दिलं, दोनदा. “त्यांना उठवत नव्हतं, आत्या. कप मीच तोंडाला लावला.” पुढं कांद्याच्या ट्रकमधून मोशी-भोसरीवरून पुण्याला आणेपर्यंत त्याचं पोट फळीसारखं झालं होतं.

तू व्हरांड्यात उभा होतास. मला विचारलंस, डॉक्टर काय म्हणाला. मी म्हटलं, उशीर झाला म्हणाला. तू भिंतीकडे तोंड केलंस. तेव्हा मला कळलं की तुला माझ्याकडून काही ऐकायचंच नव्हतं. तुला आधीच समजलं होतं.

या तालुक्यात असं एक घर नाही जिथं पोट दुखलं की एरंडेल देत नाहीत. माझ्या फडताळातही बाटली आहे. मला लहानपणी नाक दाबून पाजलेलं आहे आणि मी रंभाला पाजलेलं आहे. शिवाय तुझा हात जन्मभर बैलांच्या पोटावर फिरलेला. बैलाला ते आंधळं पुच्छ नसतंच. पोट धरलं की तेल, हे तुझ्या बोटांना पाठ होतं. मेंदूला विचारायला ती थांबली नाहीत. त्या डॉक्टरनं हेही सांगितलं की काही न देताही ते फुटलं असतं, कुणी सांगावं. मी तुला हे ढाल म्हणून देत नाही, जे ऐकलं ते सगळं सांगते आहे. आणि तुझ्यावर माझा राग आहे तो तेलासाठी नाही, हे नीट वाच. तेल तू मायेनं दिलंस. कार्ड तू मायेनं लिहिलं नाहीस.

मला वाटतं, तू रोज पहाटे उठून त्या कपाशी येतोस. आणि तिथून पळायला तुला वाट हवी असते, म्हणून तू भोवऱ्याकडे येतोस. भोवऱ्याला हेतू असला की मुलाच्या मरणालाही हेतू येतो. ते ठरलेलं होतं, लिहिलेलं होतं, मग कुणाचाच हात मधे येत नाही. माझ्याजवळ तसलं काही नाही रे. करंगळीएवढं एक आतडं, त्याला काम नाही, त्याच्या सुजण्याला कारण नाही, आणि त्यानं आपला ज्योतीराम नेला. उगाच नेला. हे ‘उगाच’ गिळवत नाही. मलाही गिळवत नाही. पण ते तुला गिळवत नाही म्हणून तू माझ्या पोरीला पाजावंस, हे मी होऊ देणार नाही.

हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. एरंडेलाबद्दल डॉक्टर काय म्हणाला ते रंभाला मी सांगितलेलं नाही. परवा रागाच्या भरात ओठांपर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर भोवरा सुटला असता आणि कप हातात आला असता. आगीतून उठून फुफाट्यात. कप तिनं लावला, कुणाच्या सांगण्यावरून लावला हे ती धरणार नाही, मी तिला ओळखते. पण हे कायम झाकून राहणार नाही. ती शिकलेली आहे, आज ना उद्या कुणा डॉक्टरच्या तोंडून, कुठल्या पुस्तकातून तिला कळेल, आणि तेव्हा ती एकटी असेल. तिला हे सांगायचा हक्क एकाच माणसाला आहे, आणि तो तू. “तेल मी दिलं, मला कळायला हवं होतं, तुझा त्यात काही दोष नाही, ना हाताचा, ना डोक्याचा,” असं तिच्यासमोर बसून, तिच्या नावानं हाक मारून सांग. पत्रानं नको. कार्डानं तर नाहीच. शालनबाईंना काय सांगायचं ते तुझं तू बघ, त्यात मी पडणार नाही. या शुक्रवारी सकाळच्या एसटीनं ये. मी स्वयंपाक करून, चहाचं आधण ठेवून, स्टेशनात जाऊन बसेन. तिथं बाकावर सावली असते, गाड्या बघत माझा वेळ जाईल. जन्मभर मी मधे बोलले, या वेळी बोलणार नाही. ती आधी तुझ्या पाया पडेल. तू तिला पडू देऊ नकोस. मग ती गप्प बसेल, बराच वेळ बसेल. तूही बस. उठून जाऊ नकोस, आबाजी. एवढंच मागते आहे. यापूर्वी त्या पाटावर बसून तुझ्याकडे एकदाच काही मागितलं होतं.

तुझीच,
भागीरथी